कुसळाचा वाक

११ जानेवारी

चि. मुकी हिस आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. वाचून, तपासून आणि दुरुस्त करून ते सोबत परत पाठवत आहे. लाल पेन्सिलीच्या खुणा मोजत बसू नकोस. माझ्या गवतांच्या ग्रंथासाठी तू बावीस वर्षे चित्रे काढत आली आहेस आणि प्रत्येक चित्रावर या खुणा उमटत आल्या आहेत; तेव्हा एका पत्रावर उमटल्या म्हणून आकाश कोसळण्याचे कारण नाही.

बहिणीने बहिणीला लिहिलेल्या पत्रात ख्यालीखुशाली असावी, मागच्या पत्राचा धागा असावा, निदान एक वाक्य तरी गोड असावे. तू चार वाक्ये लिहिलीस. ती इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे ‘मी असे लिहिलेच नव्हते’ म्हणायला जागा राहणार नाही:

‘ताई, तू माझी चित्रं मला न विचारता बदलायला लावतेस, तेव्हा मला वाटतं की या कामात मी कोणीच नाही. दुसऱ्या खंडाच्या शुद्धिपत्रात “चित्रकाराची नजरचूक” असं छापलंय, ती चूक माझी नव्हती. ते वाक्य बदलावं आणि मला मुकी म्हणू नये, अशी तुला विनंती आहे. तोपर्यंत तिसऱ्या खंडाची चित्रं मी काढणार नाही.’

हे पत्र आहे की वकिलाची नोटीस? पहिल्या वाक्यासमोर मी ‘अतिशयोक्ती’ असा शेरा मारला आहे, दुसऱ्यासमोर ‘आधार?’, तिसऱ्यासमोर ‘पोरकट’. चौथे वाक्य सरळ खोडले आहे. त्यावर शेरा मारण्याइतकी त्याची योग्यता नाही.

शुद्धिपत्राची गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. एका गवताच्या कुसळाचा वाक चित्रात आला नाही, दूरच्या एका अभ्यासकाने तो दाखवून दिला, आपण चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवली. विषय संपला. ग्रंथावर नाव माझे आहे आणि टोमणेही मीच ऐकले. तुला कोणी एक शब्द बोलले का? आणि ‘मुकी’ हे लाडाचे नाव आहे. तू पाच वर्षांची असताना मी ठेवले आणि सारे घर तेच म्हणू लागले. कोणाला काही खटकले असते तर एव्हाना कानावर आले असते.

तिसऱ्या खंडाची एक्केचाळीस चित्रपाने मार्चअखेर हवी आहेत. नमुन्यांची पेटी तुझ्याकडेच आहे. कामाला लाग.

तुझी वडील बहीण

६ फेब्रुवारी

मुकी,

पेटी मिळाली. एक्केचाळीस वाळलेली गवते, भिंग, दोन टाक, शाईच्या तीन बाटल्या. प्रत्येक नमुना वेगळ्या कागदात, त्यावर क्रमांक, आणि एकाही पात्याचे टोक मोडलेले नाही. पेटी उघडली तेव्हा माझा संताप कळसाला पोहोचलेला होता. तरीही एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. रागाने परत पाठवलेली वस्तू इतकी नीटनेटकी बांधलेली मी आजवर पाहिलेली नाही. आमच्या संस्थेतून मानाने पाठवल्या जाणाऱ्या वस्तूही याच्या पासंगाला पुरत नाहीत.

मी फोन केला. तुझे यजमान फोनवर आले.

‘ताई, ती घरीच आहे. पण फोनवर नको म्हणते. पत्रातच बोलू म्हणते.’

‘तिला म्हणावं, ताईचा फोन आहे.’

‘म्हटलं.’

‘मग?’

‘ती म्हणाली, माहीत आहे.’

त्यांच्याकडूनच कळले की गेले आठ महिने दर बुधवारी तू एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जातेस. विचार आणि वागणूक यांची सांगड तपासून पाहणारी कसलीशी उपचारपद्धती आहे, आणि तिथे ठामपणे बोलायला शिकवतात. मी त्यांना विचारले, बोलायला शिकवायला ती काय दोन वर्षांची आहे का? तर हे गृहस्थ म्हणाले, ‘दोन वर्षांची असताना बोलत होती म्हणे. पुढेच बंद झालं.’ तुझे यजमान विनोदी आहेत, हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते.

ज्या पद्धतीने माझ्या बहिणीला चार वाक्यांची नोटीस लिहायला शिकवले, ती मुळातून तपासावी म्हणून मी त्या बाईंची भेट घेतली. काखेत दुसरा खंड होता. औषधांच्या दुकानावरची खोली, अरुंद जिना, भिंतीवरची तसबीर डावीकडे दोन बोटे कललेली. खुर्च्या दोन, एकाच उंचीच्या, मधे टेबल नाही. बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पायांत कापडी बूट.

‘माझी धाकटी बहीण तुमच्याकडे येते,’ मी म्हणाले.

‘असं तुम्ही म्हणताय.’

‘म्हणजे येत नाही?’

‘कोण येतं ते मी सांगत नाही. कोण येत नाही, तेही सांगत नाही.’

‘मी तिची सख्खी बहीण आहे.’

‘हो ना. म्हणून तर अजिबातच नाही.’

अर्धा तास मी त्यांना चहू बाजूंनी घेरले. पदव्या सांगितल्या, ग्रंथ उघडून दाखवला, तुझ्या प्रकृतीची काळजी पुढे केली. त्यांनी आवाज चढवला नाही, माफी मागितली नाही, घड्याळाकडे पाहिले नाही. शेवटी एवढेच म्हणाल्या, ‘तुम्हाला याचा त्रास होतोय, हे मला दिसतंय. तरीही सांगणार नाही.’

जिना उतरताना ही दोन वाक्ये मी पुन्हा मनात म्हणून पाहिली. पहिल्यात माझा अपमान नाही आणि दुसऱ्यात त्यांची माघार नाही. आमच्या संस्थेत तीस वर्षांत मी अनेकांना नकार देताना पाहिले आहे. कोणी गुरगुरतो, कोणी गायब होतो. असा नकार देणारा एकही मनुष्य आठवेना.

निघताना त्यांनी सांगितले, ‘तुम्हाला स्वतःसाठी यायचं असेल तर मंगळवारी पाच वाजता वेळ आहे.’ मी स्पष्ट केले की मला केवळ पद्धतीविषयी शास्त्रीय कुतूहल आहे.

‘कुतूहल चालेल,’ त्या म्हणाल्या. ‘इथे तेवढ्यावर भागतं.’

तसबीर सरळ करा, असे मी सांगितले. त्यांनी ‘बरं’ म्हटले आणि तशीच ठेवली.

ताई

२७ फेब्रुवारी

मुकी (दुसरे काय लिहावे ते अजून सुचलेले नाही, सुचेल),

तीन मंगळवार झाले. तू उत्तर देत नाहीस, तरी अहवाल लिहिते आहे. केलेल्या निरीक्षणाची नोंद न ठेवणे माझ्या स्वभावात नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी एक तक्ता दिला. प्रसंग कोणता, त्या क्षणी मनात कोणता विचार आला, त्याने काय वाटले आणि शंभरांपैकी किती, त्या विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, आणि सगळे तोलून झाल्यावर उरलेला विचार. मला तक्ता आवडला. सहा रकान्यांत माणसाच्या मनाला हिशेबात धरणारे कोणीतरी डोकेबाज असले पाहिजे. मी ‘बहीण कृतघ्न आहे’ हा विचार घेतला आणि चार पाने भरली, तळटीपांसह.

बाईंनी चारही पाने शांतपणे वाचली. ‘तळटीपा सुंदर आहेत,’ म्हणाल्या. ‘विरुद्ध पुराव्याचा रकाना रिकामा आहे.’

‘नव्हता काही.’

‘शोधलात?’

आयुष्यभर विद्यार्थ्यांना मी हाच प्रश्न याच स्वरात विचारत आले.

दुसऱ्या मंगळवारी एकच मागणी तीन तऱ्हांनी बोलून दाखवायची होती: दबून, दरडावून आणि ठामपणे. दरडावून मी पहिल्या झटक्यात केले. बाईंनी दाद दिली. दबून मला जमले नाही आणि त्याचा मला अभिमान वाटला. ठामपणे करायला गेले तर दोन वेळा दरडावणेच झाले, तिसऱ्यांदा व्याख्यान. मग त्यांनी विचारले, ‘कोणाकडे काही मागितलंय, असं शेवटचं कधी झालं?’ हुकूम मोजायचे नाहीत, असेही सांगितले. मी तासभर आठवत होते.

गृहपाठ म्हणून एक लहानशी मागणी करून यायची होती. आधी काय होईल ते लिहायचे, नंतर काय झाले ते. आमच्या वाचनालयातील माझ्या जागेवरचा पंखा तुला माहीत आहे. एकोणीस वर्षे मी त्याच्याखाली शाल गुंडाळून बसते आणि तिथला सेवक किती बेपर्वा आहे, याचा मनाशी रोज एकदा निवाडा करते. भाकीत लिहिले: ‘तो कुरकुर करेल, नियम दाखवेल.’ गेले आणि म्हणाले, ‘मला या पंख्याचा त्रास होतो. तो बंद करता का?’

त्याने बटण बंद केले. ‘अहो बाई, सांगायचं नाही का. तुम्ही यायच्या आधी मी मुद्दाम तो सुरू करून ठेवतो. म्हटलं, मोठ्या बाई आहेत, घामाघूम नको व्हायला.’

एकोणीस वर्षे. निकालाच्या रकान्यात मी फक्त ‘भाकीत चुकले’ असे लिहिले. बाई हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आणखी एक. पेटीत टाकायची राहून गेलेली नमुन्यांची यादी द्यायला तुझे यजमान काल संस्थेत आले होते. मी त्यांना विचारले की ती चार वाक्ये तुला कोणी लिहून दिली.

‘कोणी नाही. तिनेच. अकरा कच्च्या प्रती झाल्या,’ ते म्हणाले. ‘तुम्ही विचारलंत तर सांगा, असं तिने सांगितलंय, म्हणून सांगतो. आधी सराव करायचो. मी ताई व्हायचो.’

‘तुम्ही?’

‘चष्मा नाकाच्या टोकावर, हातात लाल पेन्सिल. पहिल्या दिवशी मी नुसतं “पण काय?” म्हटलं, तर तिला रडूच आलं. वाक्य काही संपेना. मग रोज स्वयंपाक करताना दहा मिनिटं. महिन्याभराने तिने पहिलं वाक्य पूर्ण म्हटलं आणि मीच चष्मा काढून ठेवला.’

त्यांना बसवून मी पाणी दिले. नंतर बराच वेळ समोरच्या मजकुरावर माझी नजर ठरली नाही. तू रोज दहा मिनिटे माझ्यासमोर उभी राहत होतीस आणि मला पत्ता नव्हता.

ताई

१९ मार्च

धाकटीस,

‘मुकी’ हे नाव मी मागे घेत आहे. कारण पुढे येईल.

विरुद्ध पुराव्याचा तो रकाना मला स्वस्थ बसू देईना. तू म्हणालीस ती चूक तुझी नव्हती, मी विचारले ‘आधार?’. आधार मागणाऱ्याने तो शोधण्याची तयारी ठेवावी, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा. म्हणून शुक्रवारी दुपारी मी दुसऱ्या खंडाच्या चित्रपानांचा खण उघडला. खरे सांगायचे तर तुझ्या बाजूचा पुरावा शोधण्यासाठी नव्हे. तो नाहीच, हे एकदाचे सिद्ध करून रकान्यात रेघ मारावी म्हणून.

आपली पद्धत तुला सांगायला नको, पण मला ती स्वतःला सांगायची आहे. तू नमुना भिंगाखाली धरून चित्र काढायचीस. मी त्यावर पातळ पारदर्शक कागद ठेवायचे आणि लाल पेन्सिलीने दुरुस्त्या लिहायचे. तू त्याप्रमाणे नवे चित्र काढायचीस. दुरुस्तीचे कागद मी कधी फेकले नाहीत. मी काहीच फेकत नाही.

चित्रपान सतरा. त्याच्या मागे तो कागद होता. त्यावर तुझ्या मूळ चित्राची फिकट बाह्यरेषा मी स्वतः गिरवलेली आहे, आणि त्या रेषेत कुसळ मध्यावर गुडघ्यासारखे वाकलेले आहे. तू वाक पाहिला होतास. काढला होतास. त्या वाकावर लाल काट आहे आणि बाजूला माझ्या अक्षरात लिहिले आहे: ‘सरळ करणे. मजकुरानुसार.’

मजकुरानुसार. तुझ्यासमोर गवत होते आणि माझ्यासमोर माझे स्वतःचे वाक्य. मी गवताला माझ्या वाक्याप्रमाणे सरळ व्हायला सांगितले.

हे मी विसरले होते, असे लिहिण्याचा मोह होतो. विसरले नव्हते. कधी शोधलेच नव्हते. ते पत्र दूरच्या अभ्यासकाकडून आले, त्या दिवशी खण माझ्यापासून दोन हातांवर होता. मी तो न उघडता शुद्धिपत्राचा मजकूर लिहिला. ‘चित्रकाराची नजरचूक’ हे शब्द सुचायला मला एक मिनिटही लागले नाही, इतके ते तयार होते.

आणि मग ती दुपार आठवली. मी तो लाल खुणांचा कागद तुझ्या हातात दिला तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘ताई, पण...’

मी म्हणाले, ‘पण काय?’

तू म्हणालीस, ‘काही नाही.’

मला तेव्हा वाटले होते, किती समजूतदार आहे ही. पुढे बाहेर सांगतही असे, माझी बहीण शब्दाबाहेर नाही. बाईंना मी हे वाचून दाखवले. ‘पण काय?’ हे मी कोणत्या स्वरात म्हटले, ते त्यांनी म्हणून दाखवायला सांगितले. मी म्हटले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. तुझ्या यजमानांनी चष्मा का काढून ठेवला, ते मला त्या खुर्चीत कळले.

मुकी हे नाव मी ठेवले, तेही तपासले. घरी पाहुणे यायचे, तुला विचारायचे, ‘काय ग, कितवीत आहेस?’ तू तोंड उघडायच्या आत उत्तर मी द्यायचे. बरोबर, पूर्ण, स्पष्ट उच्चारात. ‘ही मुकी आहे,’ असे म्हणून सगळ्यांना हसवायचे. मी दहा वर्षांची होते, हा पुरावा माझ्या बाजूच्या रकान्यात लिहिला आहे. आज एकोणसाठ वर्षांची आहे, हा विरुद्ध रकान्यात.

तुला या पत्राचे उत्तर देण्याची गरज नाही.

ताई

३ एप्रिल

धाकटीस,

हे पत्र तुला खाडाखोडीसह येत आहे. पक्की प्रत करायची नाही, असा या आठवड्याचा गृहपाठ आहे. आजवर मी कोणाला एकही खाडाखोड झालेले पत्र पाठवलेले नाही. वाणसामानाची यादीसुद्धा दोनदा लिहिते. वरचा शाईचा डागही तसाच ठेवला आहे. भाकिताच्या रकान्यात लिहिले: ‘वाचणाऱ्याचा माझ्याविषयीचा आदर कमी होईल, शक्यता नव्वद टक्के.’ बाई म्हणाल्या, ‘आत्ता किती शिल्लक आहे ते आधी मोजलंत का?’ त्यांची जीभ तिखट आहे. त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढतच चालला आहे.

आता मला जे म्हणायचे आहे ते. तू चार वाक्यांत बसवलेस. मला पाच लागली.

तू बरोबर काढलेले चित्र मी चुकीचे करायला लावले आणि दोष तुझ्या नावावर छापला. याची मला लाज वाटते. नवे शुद्धिपत्र छापायला दिले आहे. तिसऱ्या खंडाची चित्रे तू काढावीस, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तू नाही म्हणालीस तरी शुद्धिपत्र तसेच राहील.

चौथे वाक्य लिहायला चार दिवस लागले. ‘काढावीस’ लिहिण्यापूर्वी ‘काढशीलच’, ‘काढणे उचित ठरेल’ आणि ‘काढ’ खोडले आहेत, दिसतीलच.

शुद्धिपत्राचा मजकूर असा: ‘दुसरा खंड, चित्रपान सतरा. चित्रकाराने कुसळ वाकासह, अचूक रेखाटले होते. ते सरळ करण्याची सूचना लेखिकेची होती. चूक लेखिकेची आहे.’

संस्थेच्या संचालकांना तो पटला नाही. मला बोलावून म्हणाले, ‘बाई, एवढं उघडं कशाला? “अनवधानाने” म्हणा, भागतंय. आपलीच अब्रू वेशीवर का टांगायची?’

पूर्वीची मी असते तर त्यांना त्यांच्या प्रबंधातील चुका तोंडपाठ म्हणून दाखवल्या असत्या. जिभेवर आल्या होत्या, सात आहेत. पण मी म्हणाले, ‘तुम्हाला संस्थेच्या नावाची काळजी वाटते, हे मला दिसतंय. तरीही वाक्य असंच जाईल.’

त्यांनी मजकुराचा कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, ‘बाई, तब्येत बरी आहे ना?’

वाक्य तसेच जात आहे. मी जिना उतरू लागले. आणि मला तुझी आठवण आली. मी हे एका संचालकाला सांगितले, ज्याला मी फारसे मोजतही नाही. तू मला सांगितले होतेस. घरातली, थोरली, बावीस वर्षे डोक्यावर लाल पेन्सिल घेऊन बसलेली बहीण, तिला. जानेवारीत ज्याला मी नोटीस म्हणाले, त्या तुझ्या पत्रात एकही विशेषण नव्हते, एकही आरोप पुराव्यापलीकडचा नव्हता, आणि जे हवे ते विनंती म्हणून मागितले होते. इतके निर्दोष गद्य मी चाळीस वर्षांत लिहिलेले नाही. माझे शेरे मी मागे घेते. चौथे वाक्य मी खोडले होते. ते तर सर्वांत सुंदर होते.

तू उत्तर देणार नाहीस, असे भाकीत लिहिले आहे.

ताई

२८ एप्रिल

धाकटीस,

भाकीत चुकले. तुझे पत्र इथे टेबलावर आहे आणि मी ते पुन्हा उतरवून ठेवत आहे. यावेळी कारण वेगळे आहे:

‘ताई, तिसऱ्या खंडाची चित्रं मी काढणार नाही. रागावले म्हणून नाही. मला आता माणसांचे हात काढायचे आहेत. चित्रपान सतराचं माझं पहिलं चित्र माझ्याकडे आहे. हवं तर नव्या शुद्धिपत्राबरोबर छापायला देते, पण त्यात काही बदलायचं नाही. रविवारी चारला ये. धाकटी चालेल. मी आहेच धाकटी.’

‘काढणार नाही’ हे वाचून मला वाईट वाटले. शंभरांपैकी ऐंशी. नंतर पुन्हा वाचले, तेव्हा त्या ऐंशीच्या शेजारी दुसरे काहीतरी येऊन बसले होते, ज्याचा आकडा मला लावता आला नाही. इतका स्वच्छ नकार मला कोणी दिलेला नाही. त्यात दार लावल्याचा आवाज नाही.

काल तुझ्याकडे आले तेव्हा लाल पेन्सिल घरी ठेवली होती. तीन वेळा पिशवीत घातली, तीन वेळा काढली. हे तुझ्या यजमानांना सांगू नकोस, ते त्याचा प्रयोग करतील.

बाकी तू तिथेच होतीस, तरी मला ते माझ्या अक्षरात असावे असे वाटते. भिंतीवर तू काढलेले हात होते. वेलदोडे सोलणारे, सुईत दोरा ओवणारे, नाकावरचा चष्मा सावरणारे. तू चहा आणलास. मी एक घोट घेतला आणि शिकल्याप्रमाणे म्हणाले, ‘मला साखर कमी लागते.’

‘कमी? बावीस वर्षं हाच चहा पितेस की.’

‘आवडत नव्हता.’

‘मग सांगायचं ना, ताई.’ आणि मग तू जे म्हणालीस ते मी मंगळवारी बाईंना शब्दशः सांगणार आहे: ‘आता सांग, मुकी कोण?’

तुझे यजमान स्वयंपाकघरात जाऊन हसले, तरी ऐकू आले. मीही हसले. खूप वर्षांनी तू माझ्यावर हसलीस आणि मला ते रास्त वाटले.

मग तू ते चित्र आणलेस. कडेने पिवळे पडलेले, पण रेषा काल काढल्यासारखी. तो वाक. भिंगाखाली श्वास रोखून, एका दमात घेतलेला. मी गवतांत आयुष्य काढले. त्या गवताकडे असे कधी पाहिले नव्हते, हे मला ते पाहताना कळले. मी ते खूप वेळ पाहिले. आणि तुला माझा डोळा ठाऊक आहे: कणसाच्या बुडाशी, जिथे तू बारीक केस ठिपक्यांनी दाखवले आहेस, तिथे मला एक शंका आली.

हात टेबलावर पेन्सिल शोधू लागला, मी तो मांडीवर ठेवला. म्हणाले, ‘मला एक शंका आहे. विचारू का?’

तू चित्राकडे पाहिलेस, मग माझ्याकडे. तुझ्या चेहऱ्यावर भीती नव्हती आणि घाईही नव्हती.

‘नको,’ तू म्हणालीस.

आणि साखर कमी घातलेला दुसरा कप माझ्यापुढे ठेवलास.

चित्र आज सकाळी छापखान्यात जसेच्या तसे दिले. पोच सोबत आहे. त्यावर चित्रकार म्हणून तुझे पूर्ण नाव आहे, आणि मूळ चित्र पंधरा दिवसांत तुझ्या हाती परत येईल. छापखान्याच्या माणसाने विचारले, ‘काही दुरुस्ती?’ मी नाही म्हणाले.

त्या गवताचा नमुना माझ्या मागच्या कपाटात, तिसऱ्या खणात आहे. भिंग टेबलावर आहे. शंका खरी की खोटी, ते दोन मिनिटांत कळेल. मी पत्र संपवून पाकिटात घालते आहे, आणि खण बंद आहे.

ताई